पगारातून कापलेली गाडी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कवी म्हणून मला तुमच्यापैकी थोडे लोक ओळखत असतील. पण भोसरीच्या एका कारखान्यातले चार-पाचशे कामगार मला वेगळ्याच कारणासाठी ओळखायचे. मी टाइम ऑफिसमध्ये कारकून होतो. बी. ए. झालो, मराठी घेऊन झालो, आणि १९९१ साली हजेरीच्या कार्डांच्या मागे जाऊन बसलो. महिन्याच्या सात तारखेला माझ्या खिडकीतून पगाराची चिठ्ठी बाहेर जायची. तिच्यावर दोन रकाने. डावीकडे मिळकत, उजवीकडे कपात. गंमत अशी, की डावीकडे कोणीच पाहत नसे. चिठ्ठी हातात पडली की माणूस थेट तळाशी जायचा आणि विचारायचा, "भाई, हातात किती?"

उजवा रकाना मी भरायचो. भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, व्यवसाय कर, कँटीन, विम्याचा हप्ता, आणि सगळ्यांत जाड आकडा पतपेढीचा. पिंपरी-चिंचवडमध्ये जी पहिली स्कूटर, पहिला रंगीत टीव्ही, पहिली एक गुंठा जागा कामगाराच्या घरी आली, ती बहुतेक या उजव्या रकान्यातून आली. बँक आम्हाला दारात उभं करत नव्हती त्या काळात कारखान्याची सहकारी पतपेढी कर्ज द्यायची, आणि हप्ता पगार हातात पडण्याआधीच वळता व्हायचा. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात ४९ वं कलम आहे. सभासदाने एकदा लिहून दिलं की मालकाने पगारातून कापून संस्थेला भरायचं, अशी ती तरतूद. ते कलम मला माझ्या कवितांपेक्षा जास्त पाठ होतं.

आमचे अब्बा मात्र या वाटेला गेले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात ते बार्शीकडून इकडे आले, भोसरीत एका वर्कशॉपला लागले आणि तेरा वर्षं सायकलवर गेले. तेव्हा स्कूटर म्हणजे काय होती हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. आकुर्डीत बजाजचा कारखाना, रोज तिथून गाड्या भरून ट्रक निघताना दिसायचे, आणि गाव मात्र नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघत बसलेलं. पतपेढीचे सचिव आमच्याच चाळीतले. ते अब्बांना म्हणायचे, "कर्ज काढा, हप्ता कळणारसुद्धा नाही." अब्बा म्हणायचे, "कळत नाही तेच वाईट." व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही, हा त्यांचा बाणा. मग त्यांनी खात्यातल्या बारा जणांची भिशी लावली. महिन्याला दीडशे रुपये, चिठ्ठ्या टाकून नंबर, बोली नाही, व्याज नाही. सातव्या महिन्यात त्यांचं नाव निघालं, अठराशे रुपये आले आणि घरात एक जुनी लूना आली. ती चढावर पायडल मारल्याशिवाय चढत नसे. पण ती पूर्ण आमची होती.

इथे थोडं विषयांतर करतो, कवीला तेवढी सूट द्या. कर्ज, हप्ता, जामीन, रक्कम, वसूल, जप्ती हे सगळे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. म्हणजे माझ्या दोन्ही घरचे. पण व्याज हा शब्द संस्कृत. आणि संस्कृतात त्याचा मूळ अर्थ बहाणा, कपट, सोंग. बी. ए.ला अलंकार शिकताना व्याजस्तुती शिकलो होतो, वरून स्तुती आणि आतून निंदा. निर्व्याज प्रेम आपण म्हणतो ते याच अर्थाने. अब्बांना संस्कृत येत नव्हतं, पण अर्थ बरोबर लागला होता.

आता माझ्या मुलीकडे येतो. ती मेकॅनिकल इंजिनिअर. २०१४ साली चाकणला नोकरीला लागली. चाकण आमच्या लहानपणी कांदा-बटाट्याचा बाजार आणि शाहिस्तेखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी जिथे झुंजवलं तो संग्रामदुर्ग, एवढ्यासाठी माहीत होतं. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीजने पिंपरीतून तिकडे बस्तान हलवलं, महिंद्र आली, सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली, आणि बाजाराचं गाव गाड्यांचं गाव झालं. मुलगी अशाच एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होती. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही.

२०१९ च्या जानेवारीत एका रात्री ती जेवताना म्हणाली, "अब्बू, गाडी घेतेय. पगारातूनच."

मला वाटलं पतपेढी. ती हसली. म्हणाली, "तुमची पतपेढी नाही हो. लीज."

मग तिने समजावलं आणि मी, अठ्ठावीस वर्षं कपात करणारा माणूस, विद्यार्थ्यासारखा ऐकत बसलो. गाडी भाड्याने देणारी एक कंपनी असते. ती तुमच्या पसंतीची कोरी गाडी विकत घेते आणि तुमच्या मालकाला भाड्याने देते. मालक ती तुम्हाला वापरायला देतो आणि भाडं तुमच्या पगाराच्या पॅकेजमधून वळतं करतो. महत्त्वाचं हे, की कर लागण्याआधी. म्हणजे कागदावर तुमचा तेवढा पगार कमीच होतो. गाडी वापरायला मिळाली त्या सुविधेचं मूल्य म्हणून थोडी रक्कम उत्पन्नात धरतात. गाडी काही कामासाठी आणि काही खासगी वापरासाठी असेल, तर १,६०० सीसीपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये आणि त्यावर २,४००, असा आयकराचा हिशेब तेव्हा होता. मुलीचं भाडं १८,६०० रुपये ठरलं. त्यातले १,८०० वजा करा, १६,८०० राहिले. तिचा वरचा पगार २० टक्क्यांच्या टप्प्यात. उपकर धरून महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास कर वाचला. विमा, सर्व्हिसिंग, टायर भाड्यातच. मुदत ४८ महिने. शेवटी ठरलेली किंमत भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर परत द्यायची.

"आणि अब्बू," ती म्हणाली, "दादांनासुद्धा चाललं असतं. हे व्याज नाही, भाडं आहे. इजारा."

इजारा हा शब्द मराठीला नवा नाही. जुन्या दप्तरांत गावंच्या गावं इजाऱ्याने दिलेली असत. इस्लामी व्यवहारातही भाड्याच्या कराराला इजाराच म्हणतात आणि तो चालतो. मी चष्मा लावून तिचा तक्ता पाहिला. गाडीची किंमत, शेवटची उरलेली किंमत आणि मधले ४८ आकडे. बेरीज केली. भाड्याच्या पोटात व्याज पाय दुमडून बसलेलं होतं. पण मी बोललो नाही. पोरगी पाच वर्षं दुसऱ्या पाळीनंतर रात्री बाराला घरी येत होती. नाशिक रस्ता, मोशीचा पूल, भोसरी. तिची अम्मी तोपर्यंत खिडकीत उभी असायची. त्या खिडकीचा हिशेब कुठल्या तक्त्यात येत नाही.

इंग्लंडमध्ये या पद्धतीला म्हणे पगाराचं बलिदान असंच नाव आहे. तिथे विजेच्या गाड्या फार लोक अशाच घेतात, कारण त्यांच्यावर सुविधेचा कर नाममात्र ठेवला आहे. ऑस्ट्रेलियातही अशीच तऱ्हा आहे. जर्मनीत कंपनीची गाडी खासगी वापरायला मिळाली तर साधारणपणे तिच्या छापील किमतीचा एक टक्का दरमहा उत्पन्नात धरतात. त्या इंग्रजी नावाची मला मोठी मौज वाटली. आमच्याकडे बकरी ईदेला कुर्बानी होते, तिचे तीन वाटे करायची रीत आहे, घरचा, नातलगांचा आणि गरिबांचा. पगाराच्या या कुर्बानीत भाडं देणाऱ्याचा वाटा आहे, सरकारने सोडलेला वाटा आहे, घरचाही आहे. तिसरा कुठे गेला ते मला अजून सापडलेलं नाही.

गाडी आली फेब्रुवारीत. पांढरी. अम्मीने मागच्या काचेवर 'माशाअल्लाह' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं स्टिकर लावलं. मी आरसीचं पुस्तक पाहिलं, त्यावर मुलीचं नाव नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, "त्याने काय फरक पडतो? किल्ली माझ्याकडे आहे ना!"

दीड वर्ष खरोखरच काही फरक पडला नाही. आम्ही बार्शीला जाऊन आलो. गावच्या लोकांनी गाडीभोवती फेरी मारली. एका कविसंमेलनाला मी पहिल्यांदा एसटी सोडून गाडीतून गेलो आणि मानधनाचं पाकीट घेताना उगीच संकोचलो.

मग २०२० साल आलं. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. मे-जूनमध्ये कारखाने हळूहळू उघडले, पण निम्म्या मनाने. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना थांबला, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. लहान कंपन्यांमध्ये त्याआधीच चाळणी लागली होती, ते पेपरात आलं नाही. ऑगस्टमध्ये मुलीचा अख्खा विभाग बंद केला गेला. ती घरी आली, बॅग ठेवली आणि अम्मीला म्हणाली, "चहा कर."

आठ दिवसांनी गाडीचं पत्र आलं. अठरा महिने भरले होते, तीस उरले होते. दोन वाटा होत्या. उरलेलं सगळं एकरकमी भरून गाडी घ्या, नाहीतर गाडी परत करा, ती विकून जे कमी पडेल ते शेवटच्या हिशेबातून कापलं जाईल. हे सगळं मूळ करारात लिहिलेलं होतं. चौदाव्या पानावर. मी तो करार वाचला होता, पण त्या वेळी मी व्याज शोधत होतो. नोकरी गेली तर काय, हे मी शोधलंच नाही. टाइम ऑफिसचा माणूस मी! दुसऱ्यांच्या कपाती करण्यात आयुष्य गेलं आणि घरच्या कागदावर पाहायचं तेच राहिलं.

मला त्या दिवसांत १९९७ सालची एक गोष्ट सारखी आठवत होती. आमच्या कारखान्यात एक पाळी बंद झाली होती आणि काही माणसं हिशेब घेऊन गावी गेली. त्यांतल्या एकाचं पतपेढीचं स्कूटरचं कर्ज बाकी होतं. पतपेढीच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात, तेही सहकारीच. कर्जदार गेला की हप्ता जामीनदाराच्या पगारावर येतो. यांतला एक जामीनदार पॉवर प्रेसवर होता. त्याचं स्वतःचंही घराचं कर्ज होतं. मी त्याच्या उजव्या रकान्यात दोन्ही हप्ते टाकले. कायदा माझ्या बाजूने होता. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात एकूण कपात निम्म्या पगाराच्या वर जाऊ नये असं होतं, पण सहकारी संस्थेचं देणं असेल तर ७५ टक्क्यांपर्यंत मुभा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली आणि ही मर्यादा निम्म्यावर आली आहे. तेव्हा तशी नव्हती.

सात तारखेला तो खिडकीशी आला. चिठ्ठी पाहिली. नेहमीसारखं "हातात किती" विचारलं नाही. तो म्हणाला, "भाई, त्या स्कूटरवर मी एकदाही बसलो नाही."

बस, एवढंच. सही केली, पैसे मोजले आणि गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात मला राहवेना. पतपेढीच्या सचिवाला मी कँटीनमध्ये गाठलं. तो ताटावर बसला होता. मी म्हटलं, "हप्ता निम्मा करा, मुदत दुप्पट करा. नाहीतर हा माणूस पण जाईल आणि मग तुम्ही तिसऱ्याला धराल." सचिव आधी चिडला. मग म्हणाला, अर्ज आण. अर्ज मीच लिहिला. माझ्या गद्यलेखनातला सर्वांत यशस्वी मजकूर तोच असावा, कारण तो मंजूर झाला.

मी पतपेढीची आरती ओवाळत नाही. जामीनकीपायी भाऊबंदासारखे दोस्त एकमेकांचं तोंड पाहिनासे झालेले मी पाहिले आहेत. काही पतसंस्था संचालकांनीच बुडवल्या, तेही या महाराष्ट्राने पाहिलं. पण त्या २०२० च्या ऑगस्टात मी मुलीच्या शेजारी बसून ईमेल लिहीत होतो, मुदत वाढवून द्या, भाडं काही महिने थांबवा, आम्ही भरू, आणि उत्तरादाखल एक क्रमांक येत होता. दुसरं ईमेल, दुसरा क्रमांक. कंपनीच्या एचआरमध्ये जी बाई होती तिचीही नोकरी गेली होती. भाडेवाल्या कंपनीचं ऑफिस दुसऱ्या शहरात. मी कँटीन शोधत होतो, जिथे जाऊन कोणाच्या तरी ताटासमोर उभं राहता येईल.

मी मुलीला म्हटलं, माझे पीएफचे पैसे आहेत, भरून टाकू, गाडी ठेव. ती नाही म्हणाली. "अब्बू, ते तुमच्या म्हातारपणाचे आहेत, आणि माझी पुढची नोकरी कधी लागेल ते माहीत नाही. गाडी दारात उभी करून पेट्रोल कशाने भरणार?" अम्मीला वाईट वाटलं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. हे दुसरं मी आज प्रथमच बोलतोय, घरीही ऐकत असतील.

गाडी न्यायला माणूस येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी अम्मी कोमट पाण्याची बादली आणि दाढीचं ब्लेड घेऊन मागच्या काचेशी बसली. त्या नावाचं स्टिकर लिलावात जाऊ द्यायचं नव्हतं. सोनेरी अक्षरं एकेक करून सुटली. ती तिने एका रुमालात बांधून कपाटात ठेवली. सकाळी तो पोरगा आला, फोटो काढले, ओरखडे मोजले, सही घेतली. त्याने मास्कमधून विचारलं, "स्टेपनी आहे ना?" आमच्या गाडीबद्दल बोललेलं ते शेवटचं वाक्य. शेवटच्या हिशेबात तूट कापली गेली, नोटीसचा पगार आणि रजेचे पैसे त्यात गेले. तळाचा आकडा होता ३,८४६.

पुढचं लवकर सांगतो. मुलीला सव्वा वर्षाने चाकणलाच दुसरी नोकरी लागली. चार वर्षं ती कंपनीच्या बसने गेली. ड्रायव्हरच्या मागे तिसरी खिडकी तिची. जाताना मोशीपर्यंत झोपायची आणि येताना मोशीपासून. गेल्या वर्षी या कंपनीनेही लीजचं पत्रक लावलं, आणि ती पुन्हा तो कागद घेऊन माझ्यासमोर बसली.

या वेळी आम्ही नीट बसलो. बरंच काही बदललं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्क्यांवर आला, म्हणजे विकत घेणंही पूर्वीइतकं जड राहिलं नाही. दुसरं, आयकराच्या नव्या पद्धतीत २०२५-२६ या वर्षापासून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही. ज्याचा पगार त्याच्या आत आहे, त्याने कर वाचवण्यासाठी लीज घेणं म्हणजे पाणी नसलेल्या ओढ्यावर बंधारा घालणं. ही गोष्ट पत्रकात लिहिलेली नव्हती. तिथे सगळ्यांसाठी एकच चकचकीत उदाहरण होतं आणि ते भरपूर पगाराच्या माणसाचं होतं. त्या रेषेच्या जरा वर असलेल्याला मात्र फायदा होतो, आणि मुलगी जरा वर होती. मी एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. नोकरी सुटली तर किती दिवसांत काय भरायचं? मीच सोडली आणि कंपनीने काढलं, यांत फरक आहे का? आणि गाडी विकल्यावर किंमत जास्त आली तर ती कोणाची? तिने लेखी उत्तरं मागितली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला तीन आठवडे लागले.

शेवटी तिने गाडी घेतली. लीजवरच. मी भुवया उंचावल्या तर म्हणाली, "अब्बू, रिक्षात बसताना तुम्ही रिक्षा विकत घेता का?" मात्र ४८ ऐवजी ३६ महिने, गाडी लहान, आणि सहा महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम आधी वेगळ्या खात्यात ठेवून. ती रक्कम जमवायला तिने आठ महिने लावले, तेवढे दिवस पत्रक पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होतं.

गाडी दारात आली त्या दिवशी अम्मीने कपाटातून रुमाल काढला. अक्षरं चिकटणार नव्हतीच, गोंद केव्हाच गेला होता. तिने विचारलं, "नवं आणू का?"

मुलगी म्हणाली, "काचेवर नको, अम्मी. दोऱ्याने आरशाला टांग."

पहिल्या रविवारी आम्ही चाकणच्या बाजारात कांदे आणायला गेलो. येताना तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो. पुढे कोऱ्या गाड्या भरलेला लांबच लांब ट्रेलर, मागे दुसरा ट्रेलर, मध्ये आम्ही आणि कांद्याचा वास. शेजारच्या रांगेत एका कंपनीची बस येऊन थांबली. ड्रायव्हरच्या मागे तिसऱ्या खिडकीला डोकं टेकून एक पोरगा गाढ झोपला होता. मुलीने स्टिअरिंगवरचा हात उचलून मला दाखवलं आणि म्हणाली, "अब्बू, ती माझी जागा."